सहाशे वर्षांपूर्वीचा कफील

अल खर्ज
१८ ऑक्टोबर २०२४

प्रिय आपा,

अस्सलाम अलैकुम. आधी दह्याचे डबे फ्रिजमध्ये ठेवा, मग पुढे वाचा. मोहियुद्दीन आमच्या डेअरीचा ट्रक घेऊन जेद्दाला निघाला होता, त्याच्याच हाती हे पत्र देतोय. फोन न करता लिहितोय म्हणजे विषय लग्नाचा आहे, हे तुम्ही ओळखलं असेलच. अब्बा म्हणायचे, बोललेलं माणूस नाकारतो, लिहिलेलं नाकारता येत नाही. म्हणून लग्नाची गोष्ट कागदावरच.

लग्न आमच्या मेहेकचं. तिला एक मुलगा पसंत आहे. नाव एल्दार. आमच्याच डेअरीत गुरांचा डॉक्टर आहे. देश लिथुआनिया. मी नकाशात शोधला. रशियाच्या डावीकडे, वरच्या अंगाला, समुद्राकाठी आहे. बोट ठेवलं तर अख्खा देश बोटाखाली गेला.

मुलगा मुसलमान आहे. हे आत्ताच सांगतो, म्हणजे तुम्ही पाण्याचा ग्लास खाली ठेवाल. तिथे त्यांना तातार म्हणतात. त्याच्या गावाचं नाव 'चाळीस तातार' आहे. मी विचारलं, आता किती उरलेत? म्हणाला, उन्हाळ्यात जास्त असतात, हिवाळ्यात कमी.

दोघांची ओळख मेहेकच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत झाली. गायीने लाथ मारली म्हणून हा गुडघा धरून गोळ्या घ्यायला गेला. गुडघा आठवड्यात बरा झाला, गोळ्या मात्र दोन महिने चालू होत्या. त्या गायीचा नंबर मला माहीत आहे. तिचा चारा माझ्याच स्टोअरमधून जातो, आणि माझ्या मनात काय काय येतं ते लिहीत नाही.

आपा, खरी गोष्ट ही की मला हे लग्न नको आहे. मुलगा वाईट नाही. पण जूनमध्ये त्याचा करार संपतो. मग तो घरी जाणार आणि आमची एकुलती एक पोर बर्फात घेऊन जाणार. पोरीची आई असून शरफुन्निसा म्हणते, मुली जातातच. हिची आई वाडीपलीकडे राहायची, हिला म्हणायला काय जातं.

आणि मला मेहेकला नाही म्हणता येत नाही. आजवर एकदाच म्हणालो, मांजर पाळण्यावरून. ते मांजर आता माझ्या उशीवर झोपतं. तुमच्या होकाराशिवाय आपल्या घराण्यात लग्न झालेलं नाही. तेव्हा रीतीप्रमाणे स्थळाची चौकशी तुम्ही करा आणि नाही तुम्हीच म्हणा. तुमचं ती ऐकेल.

चौकशीला धागा देतो. मी त्याला घराणं विचारलं. वडील काय करतात, जमीन किती, असं काही सांगेल म्हणून. तर म्हणाला, आम्हाला ड्यूक वितौतासने आणलं. कधी? तेराशे सत्त्याण्णव साली. राहायला जमीन दिली, मशिदी बांधू दिल्या, बदल्यात लढाई असली की घोडा घेऊन जायचं. मी म्हटलं, म्हणजे तो तुमचा कफील. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याला आणणाऱ्या मालकाच्या नावाचा राहायचा परवाना, इकामा, त्याच्याही खिशात आहे. म्हणाला, हो, कफीलच.

तुमचा,
जलाल

*

जेद्दा
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय जलाल,

दुआ. दही पोचलं. एक डबा मोहियुद्दीनने वाटेत उघडलेला दिसतो.

तू नेमकं काय विचारायला हवं होतं तेच विचारलंस, आणि तुला ते कळलंही नाही. मी इथे तीस वर्षं नर्सिंग केलं, तीन कफील पाहिले. नवीन मुलगी वॉर्डात आली की आम्ही तिचं गाव विचारायचो नाही, कफील विचारायचो. कफील कळला की ती रजेवर कधी जाईल, रडेल कधी आणि पळेल कधी, सगळं कळायचं. मुलगा गोड बोलत असेल. सगळेच बोलतात. ज्याने त्यांना आणलं आणि ठेवून घेतलं, त्याची चौकशी करायची. मग तो जिवंत असो की नसो.

हाशिरला कॉम्प्युटरवर बसवलं आहे. तो इंग्रजीत वाचतो आणि मला मराठीत सांगतो. तुला ठाऊकच आहे, ऑफिसातून थकून येतो तरी आईला कधी नाही म्हणत नाही. त्याला बढती मिळाली. नवी गाडी घेतली आहे. मागची सीट रिकामीच असते बिचारी. सहज लिहिलं.

आता तुझा ड्यूक. चुलत भावाशी सत्तेवरून भांडण. बोलणी करू म्हणून चुलत भावाने ह्याला आणि ह्याच्या बापाला बोलावलं, आणि दोघांनाही किल्ल्यात डांबलं. बाप आठवड्याभरात कोठडीत मेलेला सापडला. आपल्याकडेही सुपारीच्या वाडीवरून चुलत्यांचे काय कमी तमाशे झाले? पण कोणी कोणाला कोंडलं नाही. फार तर पायवाटेवर काटे टाकले.

पुढचं ऐक. हा तिथून पळाला. कसा? मोलकरणीचे कपडे घालून. पळाला तो थेट शत्रूच्या दारात. जर्मन सरदार होते, त्यांच्याकडे. तिथे धर्म बदलला. मग त्यांच्याशी बिघडलं तर त्यांचेच किल्ले जाळून घरी परत. घरी पुन्हा धर्म बदलला. काही वर्षांनी घरी बिघडलं, पुन्हा त्याच जर्मनांकडे. आणि त्यांनी घेतलाही. मग पुन्हा त्यांचे किल्ले जाळून परत. हाशिर म्हणाला, अम्मी, लोक फोनची कंपनी बदलतात तसं चाललंय.

नाही म्हणायला एवढं पुरे आहे. पण घाईने म्हणणार नाही. मेहेक शिकलेली आहे, कच्चं कारण तिच्यापुढे टिकणार नाही. अजून खणते.

सोबत सुकट आणि बोंबील पाठवत आहे. नीट बांधलेत. मोहियुद्दीनने नाक मुरडलं तर त्याला सांग, दही मीही मोजून घेतलं आहे.

आपा

*

अल खर्ज
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आपा,

तुमचं पत्र वाचून मला जेवण गोड लागलं. पत्राला बोंबलाचा वास होता, दह्याच्या ट्रकलाही होता, आणि मोहियुद्दीनला त्याच्या सुपरवायझरने विचारलं की फ्रिजमध्ये काय मेलं आहे. त्याने सांगितलं, एसीचा प्रॉब्लेम आहे. पुढच्या वेळी दुहेरी पिशवी करा.

हाशिरच्या गाडीचं वाचून आनंद झाला. मागच्या सीटवर सामान चांगलं मावेल.

गेल्या शुक्रवारी एल्दारला जेवायला बोलावलं. मेहेक खूश झाली, तिला वाटलं मी वळलो. सुकटीची चटणी वाढली. मला वाटलं, पहिल्या घासाला उठून जाईल. तर तो भाकरीने ताट पुसून खात म्हणाला, आमच्याकडे मासे असे वाळवत नाहीत, ही आमची चूक आहे. शरफुन्निसाने लगेच दुसरी भाकरी टाकली. बायका अशा विकल्या जातात.

मग मी विषय काढला. म्हटलं, तुमचा कफील मोलकरणीच्या कपड्यांत पळाला म्हणतात. वाटलं, मान खाली घालेल. तर तो हसला आणि म्हणाला, तुम्ही वाचलंत? जणू मी त्याच्या आजोबांना सलाम सांगितला.

मेहेक म्हणाली, "अब्बा, दॅट वॉज सिक्स हंड्रेड इयर्स अगो."

मी म्हटलं, "रक्त तेच असतं."

"रक्त कसलं? ही वॉज देअर एम्प्लॉयर."

"एम्प्लॉयरचंच वळण लागतं. मी पंचवीस वर्षं डेअरीत आहे, मला बघ."

"हां अब्बा, देखा. तुम्ही फ्रिजमधल्या दुधालाही तारखेप्रमाणे रांग लावता."

हे काही उत्तर झालं नाही, पण शरफुन्निसा हसली आणि माझा मुद्दा गेला.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. त्यांच्याकडे लग्नात खसखशीचा पापुद्र्यांचा केक करतात म्हणे, एकावर एक असे पुष्कळ थर. इथे खसखस आणायला बंदी आहे, त्यामुळे त्याने तो दोन वर्षांत खाल्लेला नाही. शरफुन्निसा म्हणाली, मीही दोन रमझान खसखशीशिवाय वाटण करते आहे. मग दोघं बराच वेळ खसखशीबद्दल बोलत बसले, एखाद्या तुरुंगातल्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं.

तुम्ही खणत राहा. मोलकरणीचं प्रकरण लोकांना हसवतं, घाबरवत नाही. काहीतरी जड सापडलं पाहिजे.

जलाल

*

जेद्दा
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय जलाल,

गाडीत सामान मावेल म्हणून मी लिहिलं नव्हतं. तू लहानपणीही असाच होतास. आंबा दाखवला तर झाडावर किती कावळे आहेत ते सांगायचास. आता उघड सांगते आणि विषय संपवते. मला मेहेक हाशिरसाठी हवी होती. म्हणून मी एवढ्या उत्साहाने ड्यूक खणत होते. पण परवा हाशिर स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाला, "अम्मी, मेहेकने सातवीत माझा दात पाडला होता. मी तिला अजून घाबरतो. घाबरून लग्न करायचं असेल तर बाहेरचीच करू." त्याला सगळं समजलं होतं. खलास. तो विषय संपला.

त्यानंतर मी जरा शांतपणे ऐकायला लागले, आणि जलाल, गोष्ट वेगळीच निघाली.

आपण दोघं मोलकरणीच्या कपड्यांवर अडकलो. कपडे कोणी आणले हे विचारलंच नाही. त्याची बायको, अ‍ॅना. कोठडीत नवऱ्याला भेटायला परवानगी काढली, सोबत मोलकरणी नेल्या. नवरा एकीच्या कपड्यांत बाहेर आला, आणि ती मोलकरीण त्याच्या जागी आत बसून राहिली. पहारेकऱ्यांनी बायका मोजल्या असतील, चेहरे कोण बघतो. आपल्या हॉस्पिटलात भेटीच्या वेळी आजही तेच. हा माणूस स्वतःच्या अकलेने पळाला नाही, बायकोचं ऐकून पळाला. बायकोचं ऐकणारा कफील मी तिन्हींत पाहिला नाही.

त्या मोलकरणीचं पुढे काय झालं, हाशिरला खूप शोधायला लावलं. काही म्हणतात मारली. नाव निश्चित कोणालाच सांगता येत नाही. मी त्या रात्री ड्यूकसाठी दुआ मागायला बसले, पण त्याच्यासाठी काय मागायचं ते कळेना. म्हणून तिच्यासाठी मागितली.

मग तातारांचं. त्यांच्याकडे गादीवरून हाकललेला एक खान होता, तोख्तामिश. सगळ्यांनी दार लावून घेतल्यावर तो आपल्या माणसांसकट ह्याच्याकडे आला. ह्याने ठेवून घेतला. ह्याच्या लोकांना जमीन दिली, नमाज पढू दिली. धर्म स्वतः दहा वेळा बदलला असेल, दुसऱ्याला बदलायला लावला नाही. पासपोर्ट ठेवून घेतला नाही. घरी जाऊन यायला एक्झिट-रीएंट्रीची परवानगी मागायला लावली नाही. आणि सहाशे वर्षं झाली, लोक तिथेच आहेत आणि अजून त्याचं नाव आदराने घेतात. तू तुझ्या कफीलाचं नाव सहा मिनिटं तरी आदराने घेतोस का?

माझा विचार बदलतो आहे, हे तुला कळवून ठेवते. दुहेरी पिशवी केली आहे.

आपा

*

अल खर्ज
६ डिसेंबर २०२४

प्रिय आपा,

हे काय चाललं आहे? मी तुम्हाला वकील नेमलं आणि तुम्ही समोरच्या पार्टीत जाऊन बसलात. ड्यूकचा वाण नाही पण गुण लागला तुम्हाला.

आता मीच खणायला घेतलं आहे. पुस्तकं मला जमत नाहीत, म्हणून सरळ एल्दारलाच विचारतो. त्याला वाटतं मला गोडी लागली. तो स्वतःहून सगळे दोष सांगतो, असा भोळा माणूस आहे. उदाहरणार्थ, त्या तोख्तामिशला गादी परत मिळवून द्यायला हा ड्यूक सैन्य घेऊन गेला, आणि वोर्स्क्ला नावाच्या नदीवर असा मार खाल्ला की दोघंही जीव घेऊन पळाले. झेपत नसताना पाहुण्याच्या भांडणात पडणारा कफील काय कामाचा? हा मुद्दा लिहून ठेवा.

दुसरा मुद्दा ग्रुनवाल्डच्या लढाईचा. चौदाशे दहा साल. समोर तेच जर्मन सरदार, लोखंडात मढलेले. इकडे ड्यूक, त्याचा तोच चुलत भाऊ (आता दोस्ती झाली होती, ह्या लोकांचं काही खरं नाही), आणि सोबत तातार. लढाई सुरू झाल्यावर ड्यूकची बाजू पाठ फिरवून पळाली, तातारांसकट. मी म्हटलं, हे बघा, पळपुटे.

एल्दार म्हणाला, "अंकल, बसा." आम्ही स्टोअरच्या टेबलावर मांडलं. लबनेहचे, त्या चक्क्यासारख्या घट्ट दह्याचे, डबे म्हणजे जर्मन, कारण ते जड. दह्याचे छोटे कप म्हणजे लिथुआनियाचे लोक. तातारांना चीजचे त्रिकोणी तुकडे, कारण ते चटकन सरकतात. आपा, ते पळाले नाहीत. तो डाव होता, असं त्याचं म्हणणं आहे आणि मला ते पटलं. चीज मागे सरकलं, लबनेहला वाटलं आपण जिंकलो, रांग मोडून तो मागे धावला आणि टेबलाच्या कडेला एकेकटा सापडला. लोखंड घालून धावत सुटायचं म्हणजे काय? दमणारच. सुपरवायझर आला आणि त्याने विचारलं, हे एक्स्पायरीचं तपासताय का. मी हो म्हटलं.

आणि ऐका. त्या लढाईत तातारांचा म्होरक्या कोण होता? तोख्तामिशचा मुलगा. नाव जलालुद्दीन. माझ्या नावाचा माणूस तिथे होता आणि मला चोपन्न वर्षं कोणी सांगितलं नाही. आता स्टोअरमधली पोरं मला जलालुद्दीन खान म्हणतात. मी नको म्हणतो, पण जोरात नाही.

असो. वोर्स्क्लाचा मुद्दा भक्कम आहे. त्यावर नाही म्हणा. ग्रुनवाल्डचं मात्र काढू नका, त्यात आपली काही चूक नव्हती.

जलाल

*

जेद्दा
१७ डिसेंबर २०२४

प्रिय जलाल,

'आपली काही चूक नव्हती' हे वाक्य हाशिरने मला तीनदा वाचून दाखवलं. तू पत्र पाठवण्याआधी एकदा वाचतोस का?

तुझ्या वोर्स्क्लाचं उत्तर देते. हरला, हे खरं. पण हरल्यावर पाहुण्याला शत्रूच्या हवाली करून सुटला नाही. आणि त्या माणसाच्या मुलानेच पुढे त्याच्या बाजूने लढाई केली. हे तूच लिहिलं आहेस, जलालुद्दीन खान.

आता शेवटचं. त्याला राजा व्हायचं होतं. ड्यूक म्हणजे आपल्याकडे जहागीरदार म्हण, राजा नव्हे. म्हातारपणी, ऐंशीच्या घरात असताना, मुकुट मिळायचं ठरलं. तो घेऊन परदेशातून माणसं निघाली. तर त्यांना सीमेवर अडवलं. पाहुणे जमले होते, जेवणं चालली होती, आणि म्हातारा वाट बघत बसला. मग घोड्यावरून पडला आणि गेला. मुकुट आलाच नाही. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. हाशिर म्हणाला, अम्मी, सहाशे वर्षं झाली. मी म्हटलं, म्हणून काय झालं.

आणि तुला मुद्दाम सांगते, कारण एल्दार हे सांगणार नाही. त्यालाही एकच मुलगी होती. सोफिया. ती त्याने मॉस्कोला दिली. तेव्हा विमान नव्हतं, व्हिडिओ कॉल नव्हता. पुढे ती नवऱ्याच्या राज्यातून लेकरं घेऊन बापाला भेटायला आली होती. एवढे किल्ले जाळणारा माणूस, त्यालाही मुलगी पाठवावी लागली. तू तर फक्त स्टोअरकीपर आहेस.

चौकशी पुरी झाली. कफील भांडकुदळ होता, हट्टी होता, पण ज्यांना ठेवून घेतलं त्यांना सोडलं नाही. माझा होकार आहे. तुला जर नाही म्हणायचं असेल तर ते तुझ्या तोंडाने म्हण. मी तुझ्या वतीने मेहेकला काही सांगणार नाही.

आपा

*

जेद्दा
८ जानेवारी २०२५

जलाल,

दोन ट्रक आले, दही नाही, पत्र नाही. मोहियुद्दीन म्हणतो, जलालभाई रागात आहेत, स्टोअरमध्ये कोणाशी बोलत नाहीत आणि लबनेहचे डबे उगाच इकडून तिकडे लावतात.

रागाव. पण पोरीला लटकत ठेवू नकोस. काल तिचा फोन आला होता. तिने तुझ्याविरुद्ध अक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाली, "फुफू, अब्बा ना हां बोलते हैं, ना ना बोलते हैं. ही जस्ट कीप्स आस्किंग अबाउट हॉर्सेस."

आपा

*

अल खर्ज
१७ जानेवारी २०२५

प्रिय आपा,

सोबत दह्याचे दुप्पट डबे आहेत. रागाचे आणि आजचे.

मी ठरवलं होतं की आज नाही म्हणायचं. तुम्ही म्हणत नाही तर मीच. जुम्म्याची नमाज पढून आलो, शरफुन्निसाला सांगितलं, आज बोलणार. ती म्हणाली, आधी कॉल होऊ दे. कसला कॉल? तर मुलाकडच्यांचा. एल्दार त्याचा लॅपटॉप घेऊन आला होता. त्याचे वडील, आई, आणि मधोमध खुर्चीत आजी. तामारा नाव. डोक्याला रुमाल, चेहरा आपल्या दादीसारखा, फक्त गोरा. मागे खिडकीत बर्फ. मी मनात म्हटलं, बरं झालं, सगळ्यांदेखत एकदाच नाही म्हणून टाकू.

सलाम झाला. मी घसा साफ केला. तेवढ्यात आजीने बोलायला सुरुवात केली. एल्दार तिचं इंग्रजीत सांगत होता आणि सांगता सांगता लाल होत होता.

आपा, तिने आपली चौकशी केली होती. तुम्ही तिच्या ड्यूकची करत होतात, ती आपली करत होती. तिने विचारलं, तुम्हाला तुमच्या गावात कोणी आणलं?

मी म्हटलं, आमचे पूर्वज अरबस्तानातून जहाजाने कोकणात आले, असं मोठी माणसं सांगतात. व्यापार करत होते. कोणी आणलं नाही, आपणहून आले.

"आणि आता तुम्ही कुठे आहात?"

"सौदीत."

आजीने थोडा विचार केला. "म्हणजे एवढ्या वर्षांनी जिथून निघालात तिथेच परत गेलात."

ह्यावर काय म्हणायचं ते तुम्हाला सुचलं तर कळवा.

मग ती म्हणाली, आमच्या लोकांना एका माणसाने एकदा बसवलं, ते बसले. तुमचे लोक बसत नाहीत. माझा नातू तुमच्यात आला तर तोही फिरत राहील. वाळूत राहील, मग तुमच्या सुपारीत जाईल, मला दिसणार नाही. मुलगी चांगली असेल. माझं उत्तर नाही.

आपा, नाही. आपल्याला. आजवर आपल्या घराण्याने नकार दिलेत. तुम्हीच किती दिलेत, एक तर मुलगा जेवताना आवाज करतो म्हणून. आपल्याला कोणी दिलेला नाही. आणि तोही मेहेकला. मेहेक तिथेच बसली होती, हातात चहाचा ट्रे होता, तो तिने हळूच खाली ठेवला. मी तिचा चेहरा बघितला आणि पुढे काय झालं ते मला नीट आठवत नाही. शरफुन्निसा म्हणते, मी उभा राहिलो.

मी म्हटलं, आजी, माझ्या मुलीत काय कमी आहे? सोन्याचं पदक आहे तिला, औषधांची नावं तोंडपाठ आहेत. तुमचा नातू भला आहे, मी त्याला माझ्या टेबलावर ओळखलं आहे. हरलेलीही लढाई तो खरी सांगतो. मी तुमच्या वितौतासचं सगळं ऐकलं आहे. वोर्स्क्ला माहीत आहे, ग्रुनवाल्ड माहीत आहे. त्याने एकुलती एक मुलगी मॉस्कोला दिली, मला काय समजता? कोण म्हणतं तुमचा नातू वाळूत राहील? जूनमध्ये करार संपला की तो घरी येईल आणि मेहेक त्याच्याबरोबर येईल. तुमच्या गावात राहील, तुमच्या डोळ्यांसमोर. हा माझा शब्द आहे. बापाचा शब्द.

एल्दारने भाषांतर करायला वेळ लावला. मी म्हटलं, यल्ला, सांग तिला. त्याने सांगितलं.

आजी लगेच हो म्हणाली. फारच लगेच, आपा. तिने मागे हात केला आणि सुनेने मिठाईचं ताट पुढे आणलं. मिठाई आधीच कापून ठेवलेली होती.

तिकडे सगळे हसत होते, हात वर करून दुआ करत होते. मीही केली. शरफुन्निसा रडली. लॅपटॉप बंद झाला. मी खाली बसलो. मला वाटलं मी जिंकलो.

मग मेहेक म्हणाली, "अब्बा, ये क्या किया? एल्दार कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करणार होता. तीन वर्षं. आम्ही ठरवलं होतं, इथेच राहायचं, तुमच्या जवळ. आजीला तेच नको होतं, तिला आम्ही समजावत होतो."

मी एल्दारकडे बघितलं. त्याने मान हलवली. म्हटलं, मग मला का नाही सांगितलं?

"तुम्ही विचारलंच नाही," मेहेक म्हणाली. "यू ओन्ली आस्क्ड अबाउट द ड्यूक."

आता ती आत शरफुन्निसाबरोबर गरम कपड्यांचं बोलते आहे. एल्दार अजून इथेच आहे, माझ्यासमोर बसून बोंबील खातो आहे. मधूनच माझ्याकडे बघतो आणि ताट माझ्या बाजूला सरकवतो. चांगला मुलगा आहे. मी तुम्हाला ऑक्टोबरमध्येच लिहिलं होतं.

आपा, बापाचा शब्द दिला आहे, तो मोडता येत नाही. त्याला वळसा घालून जाता येईल असा काही मार्ग तुम्हाला दिसत असेल तर लिहा. त्यांची इथली तीन वर्षांची दोन झाली तरी चालतील. फक्त आता ह्या लग्नाला नाही म्हणू नका. ते मला सहन होणार नाही.

तुमचा,
जलाल